साखरेचे बैल

बल्लारपुरात रंजीताला लोक आधी मेहंदीवाली म्हणून ओळखत. लग्नसराईत नवरीच्या हातांवर कोपरापर्यंत ती वेलबुट्टी काढायची, आणि तिची रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखी बारीक यायची. मग एका उन्हाळ्यात तिनं चंद्रपूरला बायकांच्या बेकरीच्या वर्गात नाव घातलं. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या हाती पहिल्यांदा साखरेचा कोन दिला. बाकीच्या बाया तो धरायचा कसा हे एकमेकींना विचारत होत्या, तोवर रंजीताच्या बिस्किटावर पिसारा फुलवलेला मोर उभा होता. हात तोच होता, कोनही तसाच. मेहंदीच्या जागी आयसिंग आलं, एवढंच.

घरी तिनं लहानसा ओव्हन घेतला आणि कामाला लागली. मैदा, लोणी आणि पिठीसाखर मळायची, लाटायची, साच्यानं कापून भाजायची. बिस्किट गार झालं की त्यावर रंगीत आयसिंगचं चित्र. आधी काठ, मग आत पातळ भराव, आणि तो वाळला की वरची नक्षी. शिकलेल्या पोरी त्याला कुकी म्हणत, मोहल्ल्यात त्याचं नाव रंगीत बिस्किट. संक्रांतीला पतंग, पाडव्याला कडुनिंबाचा डहाळा लावलेली गुढी, दिवाळीला पणत्या. नाताळात मोहर्लीच्या एका रिसॉर्टला डोक्यावर लाल टोपी घातलेले वाघ लागत. पाहुणे म्हणे जंगलातल्या वाघाआधी त्यांचेच फोटो काढत. पतंगाचा, चांदणीचा साचा बाजारात मिळायचा. बैलाचा मात्र कुठेच मिळेना. तो तिनं डबे-चाळण्या बनवणाऱ्या मुखरूभाऊकडून पत्रा वाकवून करून घेतला. पहिला साचा गाढवासारखा झाला, दुसऱ्याला वशिंड आलं, तिसरा साधला.

या सगळ्यात तिच्या बाजूला, प्लास्टिकच्या स्टुलावर, दिव्यानी असायची.

दिव्यानी रंजीताच्या धाकट्या भावाची, प्रफुलची पोरगी. प्रफुलचं चामोर्शीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पोरगी नीट चालायलाही लागली नव्हती तेव्हा तिची आई तापानं गेली. दुकान सांभाळायचं की लेकरू, अशी प्रफुलची गत झाली. रंजीताला मूलबाळ नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, डॉक्टर करून झाले होते, आणि तो विषय नवरा-बायकोनी आपसात न बोलता मिटवला होता. ती भावाकडे गेली आणि येताना पोरीला कडेवर घेऊन आली. तिचा नवरा धनराज कोळसाखाणीत कामाला. त्या दिवशी पाळीवरून आला, पोरीनं त्याच्या काळ्या बोटाला धरलं, आणि हात धुवायला उठायची त्याची हिंमत झाली नाही.

पोरगी बोलायला लागली तशी रंजीताला आई म्हणू लागली. रंजीता दर वेळी सांगायची, "आत्या म्हण बेटा. मी आत्या आहो तुही." पोरगी ऐकून घ्यायची आणि पुन्हा आई म्हणायची. शेजारणी म्हणायच्या, म्हणू दे ना, काय बिघडते तुहं. पण रंजीताच्या मनात होतं, प्रफुलचं वय आहे, आज ना उद्या तो दुसरं लग्न करेल, पोरीला न्यायला येईल. त्या दिवशी तिच्या तोंडातला शब्द काढून दुसरीला द्यायचा म्हणजे फार जड जाईल. म्हणून ती रोज सांगत राहिली. शेवटी दिव्यानीनंच तोड काढली. दोन्ही शब्द तिनं एकत्र केले आणि हाक मारली, "आत्याई!" त्याला नाही म्हणणं रंजीताला जमलं नाही. धनराजला ती बापू म्हणायची. ते मात्र कोणी दुरुस्त केलं नाही.

मग रंजीताला वाटलं होतं तसंच झालं. प्रफुलनं लग्न केलं. बायको आष्टीकडच्या एका खेड्यातली, सीता नावाची. जूनमध्ये दोघं पोरीला न्यायला आले. सीता पलंगाच्या अगदी काठावर बसली होती, चहाचा कप तिनं दोन्ही हातांनी धरला होता. रंजीतानं बॅग भरून ठेवली होती. दिव्यानीला नव्या शाळेची, नव्या दप्तराची हौस होती. गाडीच्या खिडकीतून ती हात हलवत, हसत गेली. गाडी वळली तरी रंजीताचा हात वरच होता.

घरात कोणी गेलं असतं तर लोक बसायला आले असते, दोन दिवस कोणी चूल पेटवू दिली नसती. पण इथं काय झालं होतं? पोरगी बापाच्या घरी गेली होती. जो भेटे तो म्हणे, चांगलंच झालं. रंजीताही म्हणे, चांगलंच झालं. सकाळी शाळेच्या ऑटोचा भोंगा कोपऱ्यावर वाजला की तिच्या हातातलं काम थांबे. डबा कोणाचा भरायचा नाही हे पोळी लाटून झाल्यावर आठवे. बाजारात केसांच्या रिबिनी दिसल्या की ती दुसरीकडे पाही. आणि हे सांगायचं कोणाला? आत्यानं भाचीसाठी किती झुरावं, याचं एक माप लोकांच्या डोक्यात असतं. त्या मापात तिचं दुःख बसत नव्हतं.

सुरुवातीला रोज फोन यायचा. दिव्यानी शाळेतलं सांगायची, आत्याई तू काय बनवून राह्यली, विचारायची. मग एक दिवसाआड. मग थोरल्या बहिणीला बाई म्हणणारा प्रफुल सांगायचा, "बाई, ती खेळाले गेली." किंवा, "बाई, झोपली ती." रंजीता म्हणायची, झोपू दे, उठवू नको.

श्रावण सरत आला तेव्हा एका दुपारी सीताचा फोन आला. तिनं आपणहून केलेला हा पहिलाच.

"ताई, मी सीता बोलून राह्यली. कामात आहा का?"

"नाई, बोल ना. दिव्यानी बरी आहे?"

"बरी आहे. ताई, ते... पोळा आला ना. ते बैलाचे बिस्किट पाह्यजे म्हणते ती. आत्याई बनवते तसे. मले सांगसान का कसे बनवतात?"

रंजीतानं फोन दुसऱ्या कानाला लावला. फोनवर पलीकडे सीताचा श्वास ऐकू येत होता. दिव्यानीचं म्हणून रंजीताकडे जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं. दुसरी कोणी बनवू शकत नाही असे बैल. ते फोनवरून सांगून टाकले की मग उरलं काय?

पण लेकराच्या तोंडचं मागणं. तिनं सांगितलं. मैदा किती, लोणी किती, ओव्हन किती तापवायचा, आयसिंगमध्ये दूध किती, काठ कसा काढायचा, भराव कसा सोडायचा, सगळं एका दमात सांगितलं. काही लपवलं नाही. सीता नुसती "हो ताई, हो ताई" म्हणत होती.

चार-पाच दिवसांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. ताटात बैल मांडले होते. पण ते बैल होते असं सांगावं लागलं असतं. पावसाळी हवेत आयसिंग वाळलंच नव्हतं. झुलीचा लाल रंग पांढऱ्या अंगावर उतरला होता, शिंगांचा निळा तोंडात गेला होता, पाय एकमेकांत मिसळले होते. रंजीता हसायला लागली. एकटीच बसून, तोंडावर पदर धरून हसली. धनराज पाळीवरून आला तर त्यालाही दाखवलं.

"पाहा जी, तुमच्या साळ्याच्या बायकोचे बैल."

धनराजनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. तो हसला नाही. म्हणाला, "पोरगी हसून राह्यली यात."

फोटोच्या कोपऱ्यात दिव्यानीचा अर्धा चेहरा आला होता. हनुवटीला मैदा लागलेला, डोळे मिटेपर्यंत हसणं. ते रंजीतानं आधीच पाहिलं होतं. सगळ्यात आधी तेच पाहिलं होतं. म्हणून तर ती बैलांवर एवढी हसत बसली होती.

त्या संध्याकाळी तिनं मैदा मळायला घेतला. दोन दिवस बैल करत होती. प्रत्येकाच्या पाठीवर वेगळी झूल, गळ्यात घुंगरांची माळ, शिंगांना बेगड लावल्यासारखी चंदेरी टोकं. एका मोठ्या बैलाच्या झुलीवर तिनं दिव्यानीचं नाव लिहिलं. पंख्याखाली खणखणीत वाळवून, बटर पेपरात एकेक गुंडाळून डबा भरला.

"देऊन येतो फक्त," ती धनराजला म्हणाली. "संध्याकाळच्या गाडीनं वापस."

"जा ना," धनराज म्हणाला. मग बूट घालता घालता म्हणाला, "मले सुट्टी असती तर..." आणि पाळीवर निघाला.

गोंडपिपरी सोडल्यावर दोन्ही बाजूंना रोवणी झालेली धानाची बांधी पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. आष्टीच्या पुलावरून बस अगदी हळू गेली. खाली वैनगंगा तांबडी, फुगलेली, पुलाला टेकायला आलेली. डबा मांडीवर धरून रंजीता बसली होती. बाजूच्या बाईनं विचारलं, "लेकीकडे चालली का बाई?"

रंजीता हो म्हणाली.

चामोर्शीला घरी पोचली तेव्हा सीता एकटीच होती. दिव्यानी शाळेत, प्रफुल दुकानात. सीतानं पाय धुवायला पाणी दिलं, चहा ठेवला. भिंतीवर दिव्यानीनं खडूनं चित्र काढलं होतं, झेडपीच्या शाळेचं. कोपऱ्यात दोरीवर तिचे फ्रॉक वाळत होते. त्यातला एक रंजीताच्या ओळखीचा नव्हता. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

चार वाजून गेल्यावर पायातला चिखल न झटकताच दिव्यानी आत आली. दारातच थांबली. मग दप्तर टाकून धावली आणि रंजीताच्या पोटात डोकं खुपसलं.

"आत्याई! तू सांगितलं नाईस!"

रंजीतानं तिला घट्ट धरलं. पोरगी उंच झाली होती. धरली तेवढ्याच झटक्यात ती सुटली, डबा उघडला, ओरडली, "पाह्य आई, हे पाह्य! घुंगरू आहेत याले!" आणि डबा घेऊन सीताकडे पळाली.

रंजीताचे हात तसेच अर्धवट उघडे राहिले. मग तिनं ते मांडीवर ठेवले. आई. सीताला म्हणाली ती. किती सहज म्हणाली.

संध्याकाळी प्रफुल भिजूनच आला. "बाई, तू आता जात नाईस," तो म्हणाला. "आष्टीचा पूल बंद केला. पाणी वरून चालून राह्यलं."

"मस्त झालं!" दिव्यानी म्हणाली.

रंजीतानं धनराजला फोन लावला. तो म्हणाला, "राहा मग. घाई काय आहे? पोळा करूनच ये." मागे टीव्हीचा आवाज होता. "मी जेवण करून घेतो. तू नको पाहू इकडचं."

दुसरा दिवस पोळ्याचा. दुपार कलल्यावर प्रफुल शेजाऱ्याच्या बैलजोडीमागे, पोळा भरतो त्या तोरणाखाली जायला निघाला, दिव्यानी त्याच्या सायकलच्या दांडीवर. गावाकडून पोळ्याच्या गाण्यांचा, झडत्यांचा आणि वाजंत्रीचा आवाज मधूनमधून येत होता. सकाळीच पुरण झालं होतं. सीता स्वयंपाकघरात कढई मांडून बसली. कढईत मिठाचा थर, वर जाळी, जाळीवर ताटली, ताटलीत बैल.

रंजीता पाहतच राहिली. "हे काय?"

"ओव्हन नाई ना ताई. मीठ तापलं का भाजते बरोबर. थोडं लक्ष ठेवा लागते."

"मंग मले सांगितलं काऊन नाई, ओव्हन नाई म्हणून? मी आपली किती तापवायचा ते सांगत सुटली."

सीता खाली पाहून हसली. "तुम्ही लय भराभर सांगत होत्या. म्हटलं, मधात बोलली तर काहीतरी राहून जाईल."

रंजीता तिच्याजवळ खाली बसली. बैल सीतानं सुरीनं कापले होते, कागदावर काढलेल्या चित्राभोवती. प्रत्येकाचं तोंड निराळं होतं. रंजीतानं आयसिंगचं भांडं ओढलं, चमच्यानं उचलून पाहिलं.

"पावसाळ्यात दूध नाई टाकायचं यात. लिंबाचा रस अन् पाणी, तेही थेंब थेंब. अन् एक रंग पुरता वाळल्याबिगर दुसरा लावायचा नाई. घाई केली का वाहून जाते."

हे तिनं फोनवर सांगितलं नव्हतं. मुद्दाम नव्हे. या गोष्टी तिच्या हाताला ठाऊक होत्या, तोंडाला कधी सांगाव्या लागल्या नव्हत्या. पण सीतानं चुकवलं म्हणून ती हसली होती, ते मात्र खरं होतं.

तिनं प्लास्टिकची पिशवी कापून कोन वळला, भरला, सीताच्या हाताला धरून काठ कसा न्यायचा ते दाखवलं. सीताची रेघ आधी वाकडी गेली. दोन-तीन बैल झाल्यावर जरा सरळ यायला लागली. मग आपल्याच नादात ती बोलायला लागली.

"ताई, तुम्ही रागावू नका. जूनपासून पोरगी मले काहीच म्हणे नाई. 'अवो पाणी द्या', 'अवो वेणी घाला', असं. झोपे ते भिंतीकडे तोंड करून. हे म्हणत, होईल हळूहळू. पण मले वाटे, मी कोणाच्या घरात येऊन बसली? दिवसातून किती खेपा तुमचं नाव घे. आत्याई असं करते, आत्याई तसं करते. म्हणून मंग म्हटलं, एकदा तुमच्यासारखं करून पाहू. तुम्हाले फोन करताना लय भेव वाटलं मले."

रंजीता भराव सोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"अन् मंग ते बिघडले सारे. एवढं लोणी, एवढी साखर. रंग वाहून गेले पाहून मले रडूच कोसळलं, ओट्याशी उभी राहून रडली मी. पोरगी आली, तिनं ताटात पाह्यलं, अन् अशी हसाले लागली, अशी हसाले लागली! तिले पाहून मलेही हसू आलं. मंग म्हणे, 'आई, आपले बैल पावसात भिजले ना!'" सीताचा आवाज बारीक झाला. "आई म्हणे. पयल्यांदा. तिच्या ध्यानातही नाई आलं. तोच फोटो मी तुम्हाले पाठवला, ताई. आनंदानं पाठवला. बैल तर दाखवण्यासारखे नव्हतेच."

रंजीताच्या कोनातून रंग बाहेर आला आणि काठाला जाड गोळा बसला. तिनं बोटानं तो पुसला. पुन्हा कोन लावला, पुन्हा गोळा आला.

रोज रोज त्या लेकराला ती सांगत आली होती, आत्या म्हण, आत्या म्हण. 'आई' हा शब्द तिनं स्वतःला लागू दिला नव्हता, कोरा राखला होता. कोणासाठी, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ती बाई समोर बसली होती, नाकाला साखर लागलेली, आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. सांगावं का तिला? तुला मिळालं ते आयतं नाही मिळालं, मी सांभाळून ठेवलेलं आहे ते, असं म्हणावं? रंजीताच्या ओठापर्यंत आलं. पण सीताचा चेहरा असा उजळलेला होता की त्यावर काही ठेवणं बरं दिसलं नसतं.

"काठ जरा जाड ठेव," ती म्हणाली. "मंग भराव बाहेर येत नाई."

मग ती हात धुवायला मागच्या नळावर गेली. हातावरची साखर कधीच गेली होती, तरी बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली.

रात्री पुरणपोळी जेवून सगळे आडवे झाले. दिव्यानी आपणहून आली आणि रंजीताच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. जुनी सवय. बोलता बोलता डोळे मिटले. रंजीतानं तिच्या केसांतून हात फिरवला, वाकून वास घेतला. वास निराळा होता. आवळ्याच्या तेलाचा. तिच्याकडे असताना ती खोबरेल लावायची. पोरीचा वासही बदलावा, याला काय म्हणावं? मांडी अवघडली, मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. बाहेर पाऊस लागला होता. पूल उद्याही बंद राहावा, परवाही राहावा, असं तिला वाटलं. मग पुलापलीकडे अडकलेल्या लोकांचा विचार येऊन लाज वाटली. पण वाटायचं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा. पाऊस सकाळीच उघडला. आळीतली पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन निघाली. नंदींना चाकं, गळ्यात माळा, पाठीवर झुली. दिव्यानीला प्रफुलनं नवा नंदी आणला होता. पोरं दारोदार जातात, घरचे लोक नंदीला ओवाळतात आणि पोरांना बोजारा देतात, कोणी नाणं, कोणी खाऊ. प्रफुलच्या दारात या वर्षी बोजारा म्हणून बिस्किटं ठेवली होती. दोन ताटं. एकात रंजीताचे बैल, एकसारखे, चकचकीत. दुसऱ्यात सीताचे. दूध काढल्यावर तेही नीट वाळले होते. फक्त एकाचं शिंग लांब, एकाचं तोंड हरणाचं.

दिव्यानी स्वतः वाटायला उभी राहिली. "हे आत्याईचे, हे आईचे. कोणते पाह्यजे ते सांग." पोरं दोन्हीकडे हात घालत होती. मधेच तिला नावाचा बैल सापडला. ती थबकली, बोट फिरवत नाव वाचलं, रंजीताकडे पाहून तोंडभर हसली. रंजीता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तेवढ्यात दिव्यानीची मैत्रीण आली, नंदीचं चाक निखळलेलं, डोळे भरलेले. दिव्यानीनं हातातला बैल मधोमध मोडला. 'दिव्या' स्वतः तोंडात टाकलं आणि 'नी' मैत्रिणीला दिलं. दोघी चाक बसवायला खाली वाकल्या.

एवढी मेहनत केलेलं नाव एका घासात गेलं. रंजीताला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही असंही नाही. पण मोडून देणारा तो हात पाहून तिला एकदम भरून आलं, आणि ती आत गेली, उगीचच पाणी प्यायली.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूल उघडला. बसस्टँडवर सगळे सोडायला आले. रंजीता मनात म्हणत होती, पोरगी रडली तर आपण रडायचं नाही. पण दिव्यानी रडलीच नाही. ती शाळेतल्या गॅदरिंगचं सांगत होती, तिला पाखराचं काम मिळालं होतं. ती रडावी असं रंजीताला किती वाटत होतं, हे बस लागल्यावर तिला कळलं.

सीता खिडकीशी आली. "ताई, दिवाळीच्या सुट्टीत तिले पाठवतो आठ दिवस. मीही येईन न्यायले. पणत्यांचे शिकवा मले."

"ये ना," रंजीता म्हणाली. मग खिडकीतून वाकून म्हणाली, "अन् फोन करताना भेव नको ठेवत जाऊ."

बस सुटली. दिव्यानीनं हात हलवला, मग वाकून चप्पलचा बंद लावायला लागली. रंजीता मागे वळून पाहत राहिली, वळण येईपर्यंत.

बल्लारपूरला पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. धनराज पलंगावर बसून टीव्ही पाहत होता. भात टाकला होता त्यानं, वरणालाही फोडणी दिली होती. तिनं पिशवी ठेवली, पाय धुतले.

"कशी आहे पोरगी?"

"चांगली आहे."

"उंच झाली असन."

"झाली. आई म्हणते सीताले."

धनराजनं मान हलवली. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. तो त्यांच्याकडे पाहत होता, पण ऐकत नव्हता. मग रिमोट घेऊन आवाज पार कमी केला.

"माह्याबद्दल काही पुसलं का तिनं?"

रंजीतानं त्याच्याकडे वळून पाहिलं. इतक्या महिन्यांत धनराजनं पोरीचं नाव आपणहून काढलं नव्हतं. पाळीवर जायचा, यायचा, जेवायचा. ती आपल्याच मनातलं धरून बसली होती. हा माणूस कशात काय कोंबून ठेवतो ते तिनं विचारलंच नव्हतं. आणि तीन दिवसांत दिव्यानीनं बापूचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

"पुसलं ना," रंजीता म्हणाली. "आल्या आल्या पुसलं. बापू काऊन नाई आले म्हणे."

"अस्सं?" धनराज तिच्याकडे वळला. "अजून?"

"अजून काय... बापूच्या गाडीवर बसून फिरायचं आहे म्हणे. समोर, टाकीवर. मी म्हटलं, मोठी झाली आता तू, मागं बसा लागते."

धनराज हसला. बऱ्याच दिवसांनी असा हसला. हसता हसता त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, आणि टॉवेल जरा जास्तच वेळ तोंडावर राहिला.

"दिवाळीले येते ती," रंजीता म्हणाली. "सीता म्हणे, आठ दिवस पाठवतो."

"पाठवतो कशाले? आपण जाऊ ना आणाले." तो उठला. "गाडीची सर्व्हिसिंग करून घेतो मी. ब्रेक लागत नाई नीट."

दिवाळीला अजून बरेच दिवस होते. तरी तो तसाच, चपला घालून, बाहेर गाडीशी गेला. किक मारल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा. रंजीता आत गेली, दोन ताटं घेतली आणि भात वाढायला लागली.